आधी कान, मग फळा : माध्यमिक वर्गाला संगीत शिकवण्याचे पहिले वर्ष

गेली अनेक वर्षे मी शाळेत गाणे शिकवत आले आहे. सूर लावून घेणे, शब्द स्वच्छ म्हणवून घेणे, पन्नास गळे एका लयीत आणणे हे काम मला येते आणि मनापासून आवडते. गेल्या शैक्षणिक वर्षात मात्र नववीच्या ३१ मुलामुलींना संगीताचे शास्त्र, श्रवण आणि रचना हा स्वतंत्र विषय शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मुलांनी गाऊन दाखवावे एवढीच येथे अपेक्षा नव्हती. ऐकलेल्या संगीतात काय घडते आहे हे त्यांना सांगता यावे आणि त्यांनी स्वतःचे काही बांधावे, असे अभ्यासक्रमात लिहिलेले होते. मी स्वतः गुरूंकडून बंदिशी शिकले, परंतु बंदिश बांधायला मला कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे जे आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला कसे शिकवावे, या विचाराने मला सुट्टीतही नीट झोप लागत नसे. आता वर्ष पूर्ण झाले आहे. याच वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्या शिक्षकांना थोडा आधार वाटावा, म्हणून ते जसे घडले तसे लिहीत आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून झाली. वर्ष सुरू होण्याच्या दहा आठवडे आधी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आणि त्याला वार्षिक नियोजन, मूल्यमापनाचा आराखडा व साहित्याची यादी असे तीन कागद जोडले. नियोजन आणि यादी मंजूर झाली, आराखडा मात्र ‘रचनेचे गुण वस्तुनिष्ठ कसे ठरणार’ असा शेरा होऊन परत आला. मी दोन परिच्छेदांचे स्पष्टीकरण लिहिले, ते पुन्हा वरच्या कार्यालयात गेले आणि अर्ज दिल्यापासून २३ दिवसांनी ‘तात्पुरती मान्यता’ असे लिहिलेला कागद हातात आला. तात्पुरती म्हणजे किती काळ, हे त्यावर नव्हते. मी तो कागद फाईलला लावला आणि कामाला लागले. त्या कागदाची छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगेन, कारण दुसऱ्या सत्रात मूळ प्रत सापडेना आणि माझ्याजवळची प्रतच उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. आठवड्यातून ४० मिनिटांच्या दोन तासिका मला मिळाल्या होत्या. वाद्ये काढायची, स्पीकर जोडायचा, मुलांना गटांत बसवायचे आणि शेवटी सगळे आवरायचे, यांत पंधरा मिनिटे जातात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत एखादी रचना तीन वेळा ऐकून त्यावर बोलणे होत नाही. वेळापत्रक छापले जाण्याच्या चार दिवस आधी मी गणिताच्या सहकाऱ्यांशी बोलून तासिकांची अदलाबदल करून घेतली आणि दर गुरुवारी सलग ८० मिनिटे मिळवली. संपूर्ण वर्षात मी केलेल्या धडपडीपैकी सर्वांत जास्त फळ या धडपडीला आले. वेळापत्रक एकदा छापले की कोणी हात लावत नाही, म्हणून ही विनंती त्यापूर्वीच करावी. नियोजनात ३४ गुरुवार होते. परीक्षा, सुट्ट्या आणि कार्यक्रम वजा जाता २९ मिळाले. नियोजन करतानाच पाचेक आठवडे मोकळे सोडावेत.

पहिले तीन गुरुवार मी जसे शिकले तसेच शिकवले, आणि ते चुकले. फळ्यावर सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे बारा स्वर लिहिले, सप्तकांची नावे दिली, दहा थाट (ज्यांत राग विभागले जातात ते स्वरसमूह) लिहून दिले, पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपीही दाखवली. मुलांनी वह्या सुंदर भरल्या. चौथ्या गुरुवारी घेतलेल्या २० गुणांच्या लेखी चाचणीत एकालाही १३ पेक्षा कमी गुण मिळाले नाहीत, आणि मला समाधान वाटले. चाचणीनंतर वेळ उरला होता म्हणून मी सा रे ग रे सा असे पाच स्वर आकारात, म्हणजे नावे न घेता नुसत्या ‘आ’वर, गाऊन विचारले की यात सर्वांत उंच स्वर कितवा होता. वर्ग शांत झाला. दोघांनी शेवटचा सांगितला, एकीने पहिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले, “बाई, स्वर म्हणजे नक्की कोणता? फळ्यावर लिहिता तो, की तुम्ही आत्ता गायलात तो?”

हा प्रश्न मी त्या रात्री माझ्या वहीत जसाच्या तसा उतरवून ठेवला. नाव आधी आणि नाद नंतर, असा उलटा क्रम मी लावला होता. मुलांना गांधार (ग) ठाऊक होता, तो ऐकू मात्र येत नव्हता. ऐकल्यावर जे कानाला जाणवले आहे त्यालाच नाव द्यायचे, असा निश्चय करून मी पुढचे नियोजन पुन्हा लिहिले. मुख्याध्यापकांना ‘क्रमात बदल’ एवढेच कळवायचे होते. त्यासाठी एक पानाचा अर्ज पुरला आणि परवानगी सहा दिवसांत मिळाली.

पाचव्या गुरुवारी फळा पुसलेलाच ठेवला. दारे-खिडक्या उघड्या ठेवून दोन मिनिटे कोणीही बोलायचे नाही आणि जे जे ऐकू येईल ते लिहायचे, एवढेच काम दिले. पहिल्या वेळी बहुतेकांनी चार-पाच आवाज लिहिले. तेच पुन्हा केल्यावर यादी दहा-बारापर्यंत गेली. मग या आवाजांचे काय काय वेगळे आहे, असे विचारले तेव्हा उंच आणि खोल, मोठा आणि बारीक, लांब आणि तुटक, खरखरीत आणि गुळगुळीत असे शब्द त्यांच्याकडूनच आले. नादाची उंची, लहानमोठेपणा, काळ आणि जाती हे चारही गुणधर्म फळ्यावर आले, पण या वेळी ते वर्गाच्या तोंडून आले होते. मी फक्त शास्त्रातले शब्द शेजारी लिहिले.

त्यानंतर श्रवणाची एक रीत ठरवली आणि वर्षभर ती बदलली नाही. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन्सिल नसते. दुसऱ्यांदा ऐकताना जेथे काही बदलले असे वाटेल तेथे कागदावर एक उभी रेघ मारायची. तिसऱ्यांदा ऐकण्यापूर्वी मी एकच प्रश्न देते, आणि चौथ्यांदा ऐकण्यापूर्वी त्या बदलाला शास्त्रात काय म्हणतात ते सांगते. एका तासिकेत तीन मिनिटांपेक्षा जास्त लांबीचा तुकडा मी घेत नाही. हा नियम मला उशिरा सुचला. सुरुवातीला मी एक संपूर्ण विलंबित ख्याल (अतिशय संथ लयीतले शास्त्रीय गायन) लावला होता. दहाव्या मिनिटाला मुलांचे डोळे खिडकीबाहेर होते आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता.

या रीतीने घेतलेल्या तुकड्यांपैकी दोन सांगते. पहिला फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेल यांच्या १९२८ सालच्या ‘बोलेरो’चा. संपूर्ण रचना साधारण पंधरा मिनिटांची आहे. मी सुरुवातीची तीन मिनिटे घेतली. त्यात एक लहान ढोल सुरुवातीपासून तोच ठेका अगदी हलका वाजवत राहतो, त्यावर बासरी एक चाल वाजवते, मग तीच चाल क्लॅरिनेट वाजवतो आणि त्यानंतर बॅसून हे वाद्य दुसरी चाल घेऊन येते. माझा प्रश्न एवढाच होता : चाल बदलली, की वाद्य बदलले? पहिल्या वळणावर वर्गात अक्षरशः दोन तट पडले. बासरीनंतर क्लॅरिनेट आला तेव्हा निम्म्या मुलांना ‘नवी चाल’ ऐकू आली होती. मी ती चाल स्वतः गुणगुणून दोन्ही तुकड्यांवर बसवून दाखवल्यावर त्यांना पटले की नादाची जाती बदलली की ओळखीची चालही अनोळखी वाटते. नंतर एका मुलीने घरी संपूर्ण रचना ऐकली आणि शेवटाजवळ ‘सगळेच्या सगळे एकदम वर उचलले जाते आणि परत खाली येते’ असे सांगितले. तिचे निरीक्षण अचूक होते. सी हा पाश्चात्त्य स्वर षड्ज (सा, म्हणजे आधाराचा स्वर) धरून चाललेली ती रचना शेवटी थोडा वेळ ई या स्वरावर जाते आणि परत येते. षड्ज हलवता येतो, ही कल्पना वर्गात अशी आली, आणि पुढे ती फार कामाला आली.

दुसरा तुकडा तबल्यावरच्या साध्या त्रितालाचा. तो प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर ‘खाली’ (टाळीऐवजी हात बाजूला करून दाखवायची जागा), हे मी मुद्दामच सांगितले नव्हते. फक्त ठेका लावला आणि ‘काहीतरी नाहीसे होते, कुठे ते शोधा’ असे म्हटले. ठेक्याच्या तिसऱ्या आवर्तनात (फेरीत), स्वर म्हणजे काय असे विचारणाऱ्या त्याच मुलाचा हात वर आला. “बाई, खालचा घुमणारा आवाज दहाव्याला जातो आणि चौदाव्याला परत येतो.” मी क्षणभर गडबडले, कारण पुस्तकात खाली नवव्या मात्रेवर असते आणि मला त्याच उत्तराची अपेक्षा होती. चुकला असशील, असे म्हणणार इतक्यात मी मनातल्या मनात बोल म्हणून पाहिले : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववी मात्रा ‘धा’ आहे, म्हणजे तेथे डग्गा (तबलाजोडीतले खोल आवाजाचे वाद्य) वाजतोच. तो थांबतो दहाव्या मात्रेपासून आणि परत येतो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला. इतकी वर्षे मी नवव्या मात्रेवर हात बाजूला करून खाली दाखवत आले होते आणि कानाला तेथे काय ऐकू येते हे मी कधी तपासलेच नव्हते.

मी त्याला वर्गासमोर सांगितले की तुझे बरोबर आहे. हाताने दाखवायची खाली नवव्या मात्रेवर, कारण विभाग तेथे सुरू होतो, आणि कानाला जाणवणारी पोकळी दहाव्या मात्रेपासून, ही दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. तो मुलगा त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसू लागला.

शास्त्राचा भागही मग याच दिशेने वळवला. ६० सेंटिमीटर लांबीची एक तार फळीवर ताणून बसवली. फळी आणि लाकडी तुकडे शाळेच्या कार्यशाळेत पडून होते, त्यामुळे साहित्याच्या यादीतली एक ओळ वाचली. मोकळी तार हा षड्ज. खाली सरकती घोडी (तारेला टेकणारा लाकडी तुकडा) ठेवून तारेचा ३० सेंटिमीटरचा भाग छेडला की वरचा षड्ज, ४० चा छेडला की पंचम (प), ४५ चा की मध्यम (म), ४८ चा की शुद्ध गांधार. मुलांनी आधी कानाने जागा शोधल्या, पेन्सिलीने खुणा केल्या आणि मग पट्टीने मोजल्या. पहिल्या प्रयत्नात पंचम चढा येत होता आणि मला कारण कळेना. घोडी गरजेपेक्षा उंच होती, त्यामुळे ती सरकवताना तार जास्त ताणली जात होती. घोडीची उंची तारेला जेमतेम टेकेल एवढीच ठेवावी, ही सूचना मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती.

त्या आठवड्यात गणिताचे सहकारी स्वतःहून वर्गात आले. हिशेबासाठी षड्ज २४० हर्ट्झ (सेकंदाला २४० कंपने) धरला तर पंचम ३६०, मध्यम ३२० आणि वरचा षड्ज ४८० येतो हे मुलांनीच सोडवले. शुद्ध गांधार ३०० येतो. मग कीबोर्डवरचा गांधार किती, असे त्यांनी विचारले आणि सप्तकाचे बारा समान भाग केले असता तो सुमारे ३०२.४ येतो हे करून दाखवले. आम्ही तार कीबोर्डच्या षड्जाला काटेकोर मिळवली आणि दोन्ही गांधार एकत्र वाजवले. सेकंदाला दोनहून थोडी अधिक अशी संथ थरथर सगळ्या वर्गाला ऐकू आली. फरक इतका लहान आणि तरी इतका स्पष्ट, हे पाहून मुले ते पुन्हा पुन्हा वाजवायला लावत होती. त्या दिवशी ८० मिनिटे पुरली नाहीत.

पहिल्या सत्राच्या अखेरीस रचना सुरू करायची होती आणि मला सर्वांत जास्त धास्ती तिचीच होती. ‘तुम्हाला हवी तशी आठ ओळींची चाल बांधून आणा’ असे मी सांगितले आणि दोन आठवडे दिले. ३१ पैकी ११ जणांनी कोरा कागद दिला. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी ऐकीव गाण्यांच्या चाली थोड्या वाकवून आणल्या होत्या. एका मुलीने कागदावर लिहिले होते, “मला काही सुचत नाही, कारण काहीही चालेल असे सांगितले आहे.” मी तिला बोलावून शांतपणे विचारले तेव्हा ती म्हणाली की निबंधाला निदान विषय तरी असतो. तिचे म्हणणे मला पूर्ण पटले.

पुढच्या गुरुवारी मी बंधने दिली. तीनच स्वर, आठच मात्रा, आणि त्यांतली किमान एक मात्रा रिकामी. दहा मिनिटांत प्रत्येकाकडे काहीतरी होते. त्यातही रिकाम्या मात्रेने मोठे काम केले. ती कुठे ठेवायची यावर गटागटांत वाद झाले, आणि रचना म्हणजे निवड करणे हे मला वेगळे सांगावे लागले नाही. त्यानंतर प्रश्न आणि उत्तर : पहिली ओळ षड्जावर थांबता कामा नये, दुसरी षड्जावरच आली पाहिजे. पहिल्या ओळीच्या शेवटी पंचम ठेवला तर प्रश्न उघडा राहतो, रिषभ (रे) ठेवला तर तो घाई करतो, असे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले. लिहिण्यासाठी भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीच्या मोजक्या खुणा पुरल्या : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या) सप्तकासाठी खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकासाठी वर. ज्यांना पाच रेषांवर लिहायचे होते त्यांना तसे लिहू दिले. आपलेच काही विसरायला नको, या गरजेतून स्वरलिपी शिकवली की ती दोन तासिकांत येते. पहिल्या सत्रात ती तीन आठवड्यांत आली नव्हती.

दुसऱ्या सत्रात गटाने काम करायचे होते आणि त्याचे रेकॉर्डिंग मूल्यमापनासाठी जपून ठेवायचे होते. मुलांचे आवाज नोंदवायचे तर पालकांची लेखी संमती हवी, असे कार्यालयाने सांगितले. संमतीपत्राचा मसुदा मंजूर व्हायला आठ दिवस आणि सह्या गोळा व्हायला आणखी अठरा दिवस लागले. २९ पत्रे आली. उरलेल्या दोघांच्या गटांनी केवळ वाद्यांची रचना करावी असा मार्ग आम्ही काढला, आणि त्या दोघांना वेगळे पडल्यासारखे वाटू नये म्हणून आणखी दोन गटांनाही तीच अट घातली. हे संमतीपत्र वर्षाच्या पहिल्याच दिवशी पाठवून द्यावे.

फाईलींच्या बाबतीत माझी चूक झाली. पहिली चौदा रेकॉर्डिंग मी एकाच फोनमध्ये ठेवली होती, त्यांना नावे दिली नव्हती आणि दुसरीकडे प्रतही केली नव्हती. फोन बिघडला आणि सगळे गेले. मुलांना हे सांगताना मला फार वाईट वाटले. त्यांनी मात्र लिहून ठेवलेल्या खुणांवरून सात रचना पुन्हा उभ्या केल्या आणि स्वरलिपी कशासाठी असते याचा याहून चांगला धडा मला देता आला नसता. तेव्हापासून प्रत्येक फाईलचे नाव तारीख, गट क्रमांक आणि कितवा मसुदा या क्रमाने लिहायचे आणि त्याच दिवशी दुसरी प्रत करायची, हा नियम वर्गानेच पाळला.

लयीसाठी आम्ही अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांची १९७२ सालची टाळ्यांची रचना हाती घेतली. बारा समान मात्रांचा एकच आकृतिबंध आहे : तीन टाळ्या आणि विराम, दोन आणि विराम, एक आणि विराम, दोन आणि विराम. एक जण तोच वाजवत राहतो आणि दुसरा तो आकृतिबंध दर वेळी एका मात्रेने पुढे सरकवतो. बारा वेळा सरकल्यावर दोघे पुन्हा एकत्र येतात. वर्गाचे दोन भाग केले तेव्हा तिसऱ्या सरकण्याला सगळे कोसळले. दोन गुरुवारांत आम्ही पाचव्या सरकण्यापर्यंत पोहोचलो, त्यापुढे गेलो नाही, आणि मी ते ताणले नाही. लहान सामग्रीतून केवढे निघू शकते, हे मुलांना कळले होते. एक गोष्ट उपयोगी पडली : न सरकणाऱ्या गटाने डोळे मिटून वाजवावे, कारण समोरचे हात दिसले की आपला ठेका सुटतो.

यानंतर सा रे ग प ध या भूप रागाच्या पाच स्वरांत रचना करायची होती. ज्या मुलीने ‘काही सुचत नाही’ असे लिहिले होते ती तिच्या गटाची चाल घेऊन आली. चाल चांगली होती, परंतु ती भूपासारखी वाटतच नव्हती. गंभीर, थोडी उदास वाटत होती. ती स्वतःही गोंधळली होती. “स्वर तर तेच पाच घेतलेत बाई, मग असे का वाटते?” मी पाहिले तर प्रत्येक ओळ गांधारावर थांबत होती, आणि त्यांनी सोबतीचा आधारस्वरही नकळत गांधारच ठेवला होता. मी तानपुरा त्या गांधारावर मिळवून तिला पुन्हा गायला लावले आणि गांधाराला सा म्हणून स्वर मोजायला सांगितले. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हे मालकंस रागाचे पाच स्वर होते. भूपाचे तेच पाच स्वर पंचमाला सा मानून मोजले की दुर्गा रागाचे स्वर मिळतात, धैवताला (ध) मानून मोजले की धानी रागाचे. अशा षड्ज बदलून मोजण्यासाठीचा मूर्च्छना हा शब्द मी त्या क्षणी उच्चारला आणि मला वाटते तो त्यांच्यापैकी कोणीही विसरणार नाही. बोलेरो घरी ऐकणाऱ्या मुलीने लगेच विचारले की तेथेही असेच होते का. तेथे षड्जाबरोबर सगळे स्वर उचलले जातात, येथे स्वर जागेवर राहतात आणि षड्ज तेवढा सरकतो, हा फरक तिनेच दोन वेळा वाजवून शोधला. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, चलन (रागात स्वर कसे पुढे जातात ती रीत) आणि वादी-संवादी (रागातले दोन प्रमुख स्वर) त्याहून वेगळी आहेत, हेही त्याच दिवशी सांगून ठेवले, म्हणजे पाच स्वर जुळले की राग झाला असा समज होऊ नये.

मूल्यमापनाकडे येते. ‘वस्तुनिष्ठ’ हा शेरा डोक्यावर होताच आणि दुसऱ्या सत्राच्या मध्यावर कार्यालयाने रचनेसाठी आदर्श उत्तरपत्रिका मागितली. रचनेचे आदर्श उत्तर देता येत नाही, हे मी नम्रपणे पण स्पष्ट लिहिले आणि त्याऐवजी निकषांचा तक्ता दिला. ५० गुणांपैकी श्रवण २०, शास्त्र १० आणि रचना २०. रचनेचे २० गुण असे विभागले : घातलेली बंधने पाळली का, ४, एक कल्पना घेऊन ती वाढवली का, ४, आणि मसुदे व रोजनिशी, १२. रोजनिशीत प्रत्येक मसुद्यात काय बदलले आणि का बदलले हे दोन-तीन वाक्यांत लिहायचे होते. चाल मला आवडली की नाही याला एकही गुण ठेवला नव्हता. प्रत्येक रचना मी आणि भाषेचे एक सहकारी स्वतंत्रपणे तपासत असू आणि चारपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर एकत्र बसून पुन्हा ऐकत असू. आठ गटांपैकी दोनदा असे झाले. या तक्त्याला सोळा दिवसांनी मान्यता मिळाली. एका पालकांनी येऊन विचारले की गाणे शिकलेल्या मुलांना याचा फायदा मिळत नाही, हे बरोबर आहे का. त्यांना मी रोजनिशी वाचायला दिली. त्यांनी ती बसून पूर्ण वाचली आणि पुढे काही विचारले नाही.

वेळेचा हिशेब सांगायला हवा, कारण नव्याने सुरू करणाऱ्याला तोच सर्वांत जड जातो. पहिल्या सत्रात एका गुरुवारसाठी मला चार तासांची तयारी लागे. तीन मिनिटांचा योग्य तुकडा शोधण्यातच त्यातले दोन तास जात. दुसऱ्या सत्रात ती दोन तासांवर आली, परंतु रोजनिशी वाचण्याचे दोन तास वाढले. शास्त्रातले काही भाग मी अपुरे ठेवले. पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या प्रकरणातून केवळ मेजर आणि मायनर त्रिस्वर (एकत्र वाजणारे तीन स्वर) एवढेच झाले. पुढच्या वर्षीही मी तेवढेच ठेवणार आहे.

अखेरच्या गुरुवारी आठही गटांच्या रचना वर्गात ऐकल्या. बाहेरचे कोणी बोलावले नव्हते. नियम वर्षभराचाच होता : पहिल्यांदा ऐकताना हातात पेन्सिल नाही. सहाव्या गटाची रचना सोळा मात्रांच्या आवर्तनाची होती. डफासारखे एक वाद्य, दोन घंटा आणि खाली सतत घुमणारा एक खोल आवाज, जो त्यांनी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर काढला होता. तिसऱ्या आवर्तनात तो खोल आवाज थांबला, थोड्या वेळाने परत आला, पुढच्या आवर्तनात तो थांबला तो परत आलाच नाही, आणि उरलेल्या मात्रा दोन घंटांनी एकट्याने पुऱ्या केल्या. वर्गात कोणी हलले नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मी मोजले. रात्री रोजनिशी तपासायला घेतली तेव्हा त्या गटाच्या पानावर ओळखीच्या अक्षरात लिहिलेले होते : “मसुदा ४. आवाज नवव्याला काढला होता, तो नुसता नियमासारखा वाटत होता. आता दहाव्याला काढला. हात मात्र नवव्यालाच दाखवायचा.”